माळ्यावरचा रेडिओ : प्लग लावण्याआधी थांबा

शाबान लागला की घरोघरी साफसफाई सुरू होते. रमजानच्या तयारीत भिंतींना रंग लागतो, भांडी घासली जातात, माळ्यावरच्या पेट्या खाली येतात. त्या पेट्यांच्या मागे कधी कधी जुन्या चादरीत गुंडाळलेला एक जड लाकडी खोका निघतो. समोर जाळीचे कापड, खाली काचेची पट्टी आणि तिच्यावर शहरांची नावे छापलेली. दादांच्या वेळचा रेडिओ!

पुढचा प्रकार बहुतेक घरांत सारखाच घडतो. कोणी धूळ पुसतो, नातवंडे भोवती जमतात, दादी खुर्ची पुढे ओढून बसतात आणि 'चालतो का बघू तरी' म्हणत प्लग भिंतीत जातो. पट्टीमागचा पिवळा दिवा लागतो. सगळ्यांचे चेहरे खुलतात. थोड्या वेळाने घूंऽऽ असा जड आवाज येऊ लागतो, मग मेण तापल्याचा वास, मग मागच्या पुठ्ठ्याच्या भोकांतून धूर. चाळीस वर्षे निमूट पडून राहिलेला रेडिओ दोन-चार मिनिटांत खरोखर बिघडतो. 'आता यात काही राम राहिला नाही' असे म्हणून आठवडाभरात तो भंगारवाल्याच्या गाडीवर जातो.

दुःख याचे की असे अनेक रेडिओ प्लग लावण्याआधी दुरुस्त होण्याजोगे असतात. त्यांचे स्पीकर, कॉइल, व्हॉल्व्ह बहुधा शाबूत असतात. म्हातारे झालेले असतात ते कंडेन्सर, म्हणजे कपॅसिटर. चहाच्या एक-दोन कपांच्या किमतीत मिळणारा हा भाग वेळीच बदलला तर रेडिओ पुन्हा बोलतो. न बदलता वीज दिली तर तोच भाग बाकीच्या महागड्या भागांना घेऊन बुडतो. आजचा लेख या एका गोष्टीसाठी आहे.

घरात आलेला आवाज

मुंबईत इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचे केंद्र २३ जुलै १९२७ रोजी सुरू झाले. तरी सामान्य घरात रेडिओ पोहोचायला पुढची तीस-चाळीस वर्षे लागली. रेडिओ घ्यायचा म्हणजे नुसती खरेदी नव्हती. टपाल कार्यालयात फी भरून परवाना काढावा लागे आणि दरवर्षी त्याचे नूतनीकरण करावे लागे. मर्फी, फिलिप्स, बुश, एको, जीईसी ही नावे त्या वेळी घरच्या माणसांसारखी तोंडात असत. कोकणातल्या घरांत यात आणखी भर पडे ती जहाजावर नोकरीला असलेल्या किंवा आफ्रिकेत आणि आखातात गेलेल्या माणसांनी आणलेल्या सेटची.

आपल्या घरांत रेडिओला एक वेगळी जागा होती. उर्दू बातम्या, नात, कव्वाली, मुशायरे हे सगळे त्या एका खोक्यातून येई. ईदच्या चंद्राची बातमी कुठून आली का, म्हणून एकोणतिसाव्या रोजाच्या रात्री माणसे त्याच्याभोवती बसत. ज्या घरांत गाणी लावणे पसंत नव्हते, तिथेही बातम्यांसाठी रेडिओ असे. घराबाहेर फारसे न पडणाऱ्या बायकांसाठी तर तो जगाकडे उघडणारा झरोका होता.

आणि त्यातला सर्वांत ओळखीचा आवाज आपल्याच मुंबईतला होता. १९५२ मध्ये आकाशवाणीवर चित्रपटगीतांची दारे जवळजवळ बंद झाली, तेव्हा श्रोते रेडिओ सिलोनकडे वळले. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये तिथून 'बिनाका गीतमाला' सुरू झाली आणि अमीन सयानी घराघरांत पोहोचले. त्यांच्या आई कुलसुम सयानी प्रौढ साक्षरतेसाठी आयुष्यभर झटल्या. नव्याने वाचायला शिकलेल्यांसाठी त्या 'रहबर' हे नियतकालिक चालवत. त्या कामात आईला मदत करता करता सोपी, सगळ्यांना कळणारी हिंदुस्तानी आपल्याला लाभली, असे अमीन सयानी सांगत. फेब्रुवारी २०२४ मध्ये त्यांचे निधन झाले. तो आवाज ज्या खोक्यांतून ऐकला गेला, तेही आता एकेक करून संपत आहेत.

कंडेन्सर म्हणजे काय?

कंडेन्सरला पाण्याच्या टाकीची उपमा देतात. नळाला पाणी कमी-जास्त दाबाने येत असले तरी टाकीतून येणारी धार सारखी राहते. तसेच रेडिओतला मोठा कंडेन्सर विजेचा चढ-उतार सपाट करतो. पण त्याचे दुसरे एक काम आहे आणि ते अधिक नाजूक आहे. तो एकाच दिशेने वाहणारी वीज अडवतो आणि आवाजाच्या लहरी मात्र पुढे जाऊ देतो. दारावर बसलेल्या एखाद्या चोख पहारेकऱ्यासारखा, कोणाला सोडायचे आणि कोणाला नाही हे तो ठरवतो.

त्याची रचना साधी. धातूच्या दोन पातळ पट्ट्या आणि त्यांच्यामध्ये वीज न जाऊ देणारा थर. जुन्या रेडिओंत हा थर प्रामुख्याने दोन प्रकारचा असे.

पहिला प्रकार कागदी कंडेन्सरचा. धातूच्या पट्ट्यांमध्ये मेणात किंवा तेलात भिजवलेला कागद ठेवून त्याची गुंडाळी करत आणि ती नळीत घालून वरून मेण किंवा डांबरासारखा लेप देत. कागद हा कागदच. वर्षानुवर्षे तो हवेतला ओलावा शोषत राहतो. आपल्या कोकणातल्या आणि मुंबईच्या पावसाळ्यांचे तर सांगायलाच नको. ओलावलेला कागद वीज अडवू शकत नाही, ती थोडी थोडी झिरपू लागते. मेकॅनिक याला 'कंडेन्सर लीक झाला' असे म्हणतात.

दुसरा प्रकार इलेक्ट्रोलिटिक. हे सहसा ॲल्युमिनियमच्या डब्यासारखे दिसतात. यात ॲल्युमिनियमच्या पत्र्यावर ऑक्साइडचा अतिशय पातळ थर असतो आणि त्याला लागून ओलसर रासायनिक द्रव्य. इथे उलटा प्रकार होतो. कागदी कंडेन्सर ओला झाल्याने बिघडतो, हा वाळल्याने. शिवाय सेट बरीच वर्षे बंद राहिला तर ऑक्साइडचा थरही क्षीण होतो. अशा कंडेन्सरवर अचानक पूर्ण दाबाची वीज आली की तो तापतो, फुगतो आणि कधी फटाक्यासारखा फुटतो. सुरुवातीला ऐकू येणारा घूंऽऽ आवाज याच्याच दुबळेपणाची खूण असते.

म्हणजे रेडिओ वापरला नाही म्हणून तो जसाच्या तसा राहिला, हा समज चुकीचा आहे. कपाटात ठेवलेल्या औषधालाही मुदत असते, तसेच हे.

नऊ व्होल्टचा घात

एका लीक कंडेन्सरने किती नुकसान होते, याचे एक उदाहरण पाहू.

व्हॉल्व्ह रेडिओत शेवटचा व्हॉल्व्ह स्पीकरला जोर देतो. त्याच्या आधीच्या व्हॉल्व्हच्या प्लेटवर साधारण १०० व्होल्ट असतात, असे धरा. या दोघांच्या मध्ये एक छोटा कंडेन्सर असतो. १०० व्होल्ट अलीकडेच अडवायचे आणि आवाज तेवढा पुढच्या व्हॉल्व्हच्या ग्रिडला द्यायचा, हे त्याचे काम. ग्रिडवर स्वतःचा व्होल्टेज जवळजवळ शून्य राहायला हवा.

आता हा कंडेन्सर जुना होऊन त्याचा रोध १ कोटी ओहमवर, म्हणजे १० मेगओहमवर आला आहे असे समजा. आकडा मोठा वाटतो, पण नव्या चांगल्या कंडेन्सरचा रोध याच्या शेकडो पट असतो. ग्रिडखालचा रेझिस्टर १ मेगओहमचा असेल, तर १०० व्होल्टचा अकरावा भाग, म्हणजे सुमारे ९ व्होल्ट ग्रिडवर येऊन बसतात. एवढ्या नऊ व्होल्टने शेवटचा व्हॉल्व्ह मर्यादेबाहेर करंट ओढू लागतो. त्याची प्लेट लाल होते. तोच करंट आउटपुट ट्रान्सफॉर्मरच्या केसासारख्या बारीक तारेतून जातो आणि ती तार जळते. त्या जातीचा ट्रान्सफॉर्मर आज बाजारात सहज मिळत नाही, तो पुन्हा गुंडाळून घ्यावा लागतो.

काही रुपयांचा कंडेन्सर वाचवायला जाऊन हजारोंचा खर्च येतो तो असा. आणि गंमत पाहा, रेडिओ या अवस्थेतही थोडा वेळ गातो! आवाज फाटका, घुसमटलेला येतो, पण येतो. म्हणून 'चालतोय की, मग कशाला हात लावायचा' हे म्हणणे सर्वांत महाग पडते.

आणखी एक सांगण्यासारखे. साध्या मल्टिमीटरने हा दोष बरेचदा सापडत नाही. मीटर स्वतःच्या लहान बॅटरीच्या दोन-चार व्होल्टवर तपासतो आणि 'ठीक' म्हणतो. शंभर-दोनशे व्होल्ट आले की मग कागद गळू लागतो. म्हणून जाणकार मेकॅनिक मेणाचे, कागदी कंडेन्सर तपासत बसत नाहीत. ते सरळ बदलतात.

काय बदलावे, काय तसेच ठेवावे

पाच व्हॉल्व्हच्या साध्या सेटमध्ये बदलण्याजोगे कंडेन्सर सहसा दहा-पंधरा असतात. सगळे बदलण्याची गरज नसते.

मेणाच्या आणि डांबरी लेपाच्या कागदी नळ्या बदलाव्यात. त्यांच्या जागी आजचे पॉलिएस्टर किंवा पॉलिप्रॉपिलीन फिल्मचे, ६३० व्होल्टचे कंडेन्सर घालावेत. हे ओलावा शोषत नाहीत. जुनी मापे आता हुबेहूब मिळणार नाहीत, पण जवळचे माप चालते. ०.०५ मायक्रोफॅरडऐवजी ०.०४७, ०.०२ ऐवजी ०.०२२, ०.००५ ऐवजी ०.००४७. जुन्या भागांवर 'एमएफडी' लिहिलेले असते, त्याचा अर्थ मायक्रोफॅरड. 'एमएमएफ' लिहिले असेल तर तो पिकोफॅरड. दोन्हींत दहा लाख पटींचा फरक आहे, तेव्हा चष्मा लावून वाचावे.

इलेक्ट्रोलिटिकही बदलावेत. ८ च्या जागी १०, ३२ च्या जागी ३३, ५० च्या जागी ४७ मायक्रोफॅरड, आणि व्होल्टेज ४५० चे. व्होल्टेज मूळ मापाइतके किंवा जास्त हवे, कमी कधीच नको. 'मोठा घातला तर आवाज अधिक स्वच्छ येईल' असे वाटून १०० किंवा २०० मायक्रोफॅरड घालू नयेत. रेक्टिफायर व्हॉल्व्हला पहिल्या कंडेन्सरची मर्यादा असते. उदाहरणार्थ ईझेड-८० या व्हॉल्व्हला ती ५० मायक्रोफॅरड आहे. त्यापुढे गेले तर चालू करताना बसणारा धक्का त्या व्हॉल्व्हचे आयुष्य कमी करतो. इलेक्ट्रोलिटिकला अधिक आणि उणे अशा बाजू असतात. त्या उलट झाल्या तर स्फोट ठरलेला.

अभ्रकाचे, म्हणजे मायका, आणि सिरॅमिकचे चपटे कंडेन्सर बहुधा चांगले राहतात. दोष दिसल्याशिवाय त्यांना हात लावू नये. पत्र्याच्या डब्यातल्या कॉइलचे स्क्रू तर अजिबात फिरवू नयेत. ते कारखान्यात जुळवलेले असतात, हलले की स्टेशने जागच्या जागी येत नाहीत.

वीज आत येते तिथे, मुख्य तारेला जोडलेला एक कंडेन्सर बऱ्याच सेटमध्ये असतो. त्याच्या जागी साधा कंडेन्सर चालत नाही. दोन मुख्य तारांच्या मध्ये असेल तर 'एक्स-टू' आणि एका तारेतून चेसीला गेला असेल तर 'वाय-टू' असा शिक्का असलेलाच घ्यावा. हे बिघडले तरी माणसाला शॉक बसू नये अशा बेताने बनवलेले असतात.

जुना ॲल्युमिनियमचा डबा काढून टाकण्याची गरज नाही. शोभेसाठी तो जागेवर राहू द्यावा, मात्र त्याच्या तारा सोडवून नवे कंडेन्सर चेसीच्या खाली बसवावेत. जुना न सोडवता त्याच्यावरच नवा जोडणे चूक. जुन्याची गळती तशीच चालू राहते.

आधी जीव, मग रेडिओ

व्हॉल्व्ह रेडिओच्या पोटात २५० व्होल्ट किंवा त्याहून अधिक वीज खेळते, आणि प्लग काढल्यावरही ती मोठ्या कंडेन्सरमध्ये काही काळ साठून राहते. म्हणून स्पष्ट सांगायला हवे. ज्यांनी विजेची कामे कधी केलेली नाहीत, त्यांनी व्हॉल्व्ह सेट स्वतः उघडू नये. जाणकाराकडे न्यावा. तरीही घरच्यांना पुढच्या चार गोष्टी ठाऊक असाव्यात.

एक, काही सेटमध्ये मुख्य ट्रान्सफॉर्मर नसतोच. पूर्वी काही भागांत डीसी वीजपुरवठा होता, त्यामुळे एसी आणि डीसी दोन्हींवर चालणारे सेट निघाले. यांत लोखंडी चेसी थेट विजेच्या एका तारेला जोडलेली असते. प्लग उलटा लागला तर पूर्ण चेसी जिवंत होते. बटणाचा तुटका स्क्रू किंवा मागचा निघालेला पुठ्ठा लहान मुलाच्या हाताला लागला तर जिवावर बेतते. ओळखायची खूण अशी की या सेटमधल्या व्हॉल्व्हची नावे बहुधा 'यू' ने सुरू होतात : यूसीएल-८२, यूवाय-८५ वगैरे. 'ई' ने सुरू होणाऱ्या नावांच्या सेटमध्ये बहुधा ट्रान्सफॉर्मर असतो, पण तेवढ्यावर विसंबू नये. प्लग भिंतीतून काढून, रेडिओचे बटण चालू स्थितीत ठेवून, मीटरने प्लगची पिन आणि चेसी यांच्यात जोड आहे का ते मेकॅनिककडून पाहून घ्यावे.

दोन, जुनी रबरी वायर हात लावताच भुसभुशीत होऊन पडते. ती आधी बदलावी आणि फ्यूज घालावा.

तीन, मोठे कंडेन्सर स्क्रूड्रायव्हरने शॉर्ट करून रिकामे करण्याची सवय वाईट. ठिणगी उडते, डोळ्याला इजा होते. काही हजार ओहमचा जाड रेझिस्टर लावून ते सावकाश रिकामे करावेत आणि शून्य झाले का ते मीटरवर पाहावे.

चार, काम एकट्याने, बंद खोलीत करू नये. घरात कोणीतरी मेन स्विच माहीत असलेले माणूस असावे. रोजा असताना, थकव्यात किंवा झोपेच्या भरात तर हे काम काढूच नये.

मेकॅनिक काम कसे करतो

चांगल्या कारागिराची ओळख त्याच्या घाई न करण्यात आहे. तो आधी विचारतो, 'प्लग लावून पाहिला होता का?' मग मागचा पुठ्ठा काढून मऊ ब्रशने धूळ झाडतो, चेसी बाहेर काढतो आणि मोबाइलवर चारही बाजूंनी फोटो घेतो. पुढे एका वेळी एकच कंडेन्सर काढतो, त्या जागी नवा डाग देतो आणि मगच पुढच्याला हात लावतो. सगळे एकदम काढणाऱ्याला कोणती तार कुठली होती हे शेवटी आठवत नाही. रेझिस्टरचेही माप वयाने वाढलेले असते, तेही तो जाता जाता तपासतो.

सगळे झाल्यावर रेडिओ थेट भिंतीत लावत नाही, सिरीज बोर्डावर लावतो. यात रेडिओच्या वाटेत एक साधा दिवा जोडलेला असतो, साठ किंवा शंभर वॉटचा, आतली तार तापून पेटणारा. एलईडी दिवा इथे उपयोगाचा नाही. चालू करताच दिवा क्षणभर उजळला आणि मग मंद झाला, तर सर्व ठीक. तो भगभगीत जळत राहिला तर आत कुठेतरी शॉर्ट आहे. जी वीज रेडिओ जाळणार होती ती दिव्याने अडवली, एवढेच. इतकी स्वस्त आणि इतकी शहाणी युक्ती क्वचितच सापडेल.

सुटे भाग मिळतात. मुंबईत लॅमिंग्टन रोडवर, पुण्यात बुधवार पेठेत फिल्म आणि इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सर अजूनही सहज मिळतात. व्हॉल्व्ह मिळवायला थोडी शोधाशोध लागते, पण मुंबईच्या चोर बाजारासारख्या जागी जुने सेट येत असतात, त्यांतून निघतात. खरी कमतरता आहे ती हे काम जाणणाऱ्या हातांची. व्हॉल्व्हवर काम केलेले बहुतेक कारागीर आता वयस्कर आहेत. तुमच्या गावात, मोहल्ल्यात असा कोणी असेल तर रेडिओ आजच न्या. शक्य असेल तर घरातल्या मुलालाही सोबत नेऊन बाजूला बसवा.

मुलांच्या हाती ट्रान्झिस्टर द्या

ज्या घरात व्हॉल्व्ह सेट नाही, तिथे आखातातून आलेला एखादा ट्रान्झिस्टर तरी असतोच. शिकण्यासाठी हा उत्तम. सेलवर चालतो, सहा-नऊ व्होल्टचा मामला, शॉकची भीती नाही. मात्र विजेवरही चालणारा असेल तर काम करताना वायर काढून ठेवावी.

यातही म्हातारे होतात ते छोटे इलेक्ट्रोलिटिकच. आवाज बारीक येतो, पुट्-पुट् असा मोटरबोटीसारखा नाद येतो किंवा सेल थोडे उतरताच सेट बंद पडतो. अशी लक्षणे दिसली की पाच-सात कंडेन्सर बदलून बहुधा काम होते. आधी सेलच्या कप्प्यातला हिरवट-पांढरा गंज व्हिनेगरच्या थेंबाने पुसून, मग कोरडा करून घ्यावा. जुने जर्मेनियम ट्रान्झिस्टर उष्णतेला नाजूक असतात. त्यांच्या जवळ डाग देताना त्यांचा पाय चिमट्याने धरावा, म्हणजे उष्णता चिमट्यात जाते.

आठवी-नववीतली मुले आणि मुलीसुद्धा वडीलधाऱ्यांच्या देखरेखीखाली हे काम छान करतात. शाळेच्या पुस्तकात धारिता नावाचा जो कोरडा धडा असतो, तो हातात घेऊन पाहिला की आयुष्यभर विसरत नाही. आपल्या मुली विज्ञानात पुढे जाव्यात असे आपण नेहमी म्हणतो. त्यांच्या हाती सोल्डरिंग गन देऊन सुरुवात करायला काय हरकत आहे?

पण ऐकायचे काय?

हा प्रश्न रास्त आहे. जुन्या सेटवर मीडियम वेव्ह आणि शॉर्ट वेव्ह लागते, एफएम बहुधा नसते. आणि मीडियम वेव्हवरची केंद्रे कमी होत चालली आहेत. तरीही मगरिबनंतर रेडिओ लावून पाहा. सूर्य मावळला की वातावरणातला, या लहरी शोषून घेणारा खालचा थर विरून जातो आणि दिवसा न लागणारी लांबची केंद्रे ऐकू येऊ लागतात. चार-पाच मीटरची तार खिडकीतून बाहेर सोडावी. घरातले एलईडी दिवे आणि मोबाइलचे चार्जर थोडा वेळ बंद ठेवावेत, निम्मी खरखर त्यांचीच असते.

अनेक व्हॉल्व्ह रेडिओंच्या मागे ग्रामोफोन जोडण्यासाठी दोन भोके असतात. तिथे मोबाइलचा आवाज देता येतो, म्हणजे हवी ती तिलावत, नात किंवा जुने कार्यक्रम त्याच लाकडी खोक्यातून, त्याच भरदार आवाजात ऐकता येतात. पण वर सांगितलेल्या बिनट्रान्सफॉर्मरच्या सेटला मोबाइल कधीही जोडू नये. त्या तारेतून वीज थेट हातातल्या फोनमध्ये येईल.

दुरुस्ती, इस्राफ आणि हिस्सा

हजरत आयेशा (रजि.) यांच्याकडून आलेल्या रिवायतीत सांगितले आहे की, प्रेषित (स.) घरी आपले कपडे स्वतः सांधत आणि पादत्राणे स्वतः दुरुस्त करत. दुरुस्ती हे आपल्याकडे गरिबीचे लक्षण समजले जाऊ लागले आहे, खरे तर ती सुन्नत आहे. उपयोगी वस्तू थोड्याशा खर्चात उभी राहू शकत असताना टाकून देणे म्हणजे इस्राफ, उधळपट्टी. आणि ती टाळायची तालीम मुलांना वाजाने मिळत नाही, घरातल्या वागण्यातून मिळते.

आणखी एक गोष्ट सहसा कोणाच्या लक्षात येत नाही. दादांच्या मागे राहिलेली प्रत्येक वस्तू त्यांच्या तरक्यात येते. जमीन आणि दागिने यांच्यासारखाच रेडिओही. त्यात मुलांचा आणि मुलींचा हिस्सा असतो. म्हणून माळ्यावरचा रेडिओ परस्पर भंगारात देण्याआधी बहिणींना, फुफींना एक फोन करावा. किंमत दोनशे रुपये येणार असली तरी. पुष्कळदा कोणी फुफी म्हणते, 'विकू नका, मला द्या, मी करून घेते.' सासरी गेलेल्या मुलीला माहेरची हीच एक वस्तू हवी असते आणि तिला कोणी विचारलेलेच नसते.

तेव्हा यंदाच्या सफाईत रेडिओ सापडला तर एवढेच करा. धूळ पुसा, वायर गुंडाळून त्याला बांधून ठेवा आणि वर एक चिठ्ठी चिकटवा : 'कंडेन्सर बदलल्याशिवाय प्लग लावू नये.' मग सवडीने कारागीर शोधा. चाळीस वर्षे थांबलेला रेडिओ ईदपर्यंत आणखी महिनाभर सहज थांबेल.